कातेते नोंदवही: वाचनाचे गट, जानेवारी ते सप्टेंबर 2020

6 जानेवारी

काम झांबियाच्या पूर्व प्रांतातल्या कातेते जिल्ह्यात, ग्रेट ईस्ट रोडपासून आत असलेल्या तीन सरकारी प्राथमिक शाळांत. इयत्ता तिसरी ते पाचवी. या वयाच्या मुलांना इयत्तेनुसार नव्हे, आज वाचता येते त्यानुसार बसवायचे आणि रोज दोन तास (एक भाषेचा, एक गणिताचा) तिथून पुढे न्यायचे.

पद्धत आपल्याला अनोळखी नाही. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' होत्या. वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायच्या. 'प्रथम' या संस्थेचे ते काम पुढे बदलत, सुटसुटीत होत गेले. झांबियात शिक्षण मंत्रालयाने 2016 मध्ये पूर्व आणि दक्षिण प्रांतांतल्या 80 शाळांत 'कॅच अप' नावाने ते करून पाहिले आणि मग वाढवले.

पुस्तकांचे गठ्ठे का नाहीत, असे पहिल्याच बैठकीत विचारले गेले. 1990 च्या दशकात पश्चिम केनियात शाळांना सरकारी पाठ्यपुस्तके देऊन नीट मोजणी केली होती. सरासरी हलली नाही. जी मुले आधीच पुढे होती त्यांनाच फायदा झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. न वाचता येणाऱ्या मुलाला पुस्तक दिले तर ते जपून ठेवते, एवढेच.

9 जानेवारी

साहित्य तयार केले. कागदी तक्ते बाद: पावसाळा एप्रिलपर्यंत आहे, भिंती ओल धरतात, तीन आठवड्यांत कागद गळून पडतो. इथले शिक्षक मक्याच्या पिठाची 25 किलोची रिकामी पोती वापरतात. तीच घेतली.

पोते उसवून पसरवायचे, छापील बाजू मागे. साधारण 90 सेंमी रुंद आणि 75 सेंमी उंच तुकडा मिळतो. विणलेल्या प्लास्टिकचे धागे कडेने सुटतात, म्हणून कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवायची. थांबलात तर भोक पडते. नंतर 2 सेंमी दुमडून शिवायची. मार्कर रुंद टोकाचा आणि परमनंट हवा; बारीक टोक विणीत अडकते. पोते आधी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायचे, नाहीतर पिठाच्या भुकटीवर शाई बसत नाही आणि आठवड्यात सुटते.

तक्त्यावर 5 रकाने, 10 ओळी. रकान्यात स्वर, ओळीत व्यंजन: मा मे मी मो मू, का के की को कू. लिपी रोमन, भाषा चिन्यांजा. ही आपली बाराखडीच, फक्त पाच खणांची, कारण चिन्यांजात स्वर पाचच. अक्षराची उंची 5 सेंमी. वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाला एवढे लागतेच. दुसऱ्या पोत्यावर च, ख, न्य, म्ब, न्द यांच्या ओळी. ते पोते पहिला महिनाभर गुंडाळूनच ठेवायचे.

गणितासाठी छपराच्या गवताच्या काड्या, सगळ्या 12 सेंमी. लांबी कमीजास्त झाली की मुले काड्या मोजण्याऐवजी लांबी ताडून पाहतात. 5 मुलांमागे 110 काड्या: दहा-दहाच्या 10 जुड्या आणि 10 सुट्या. बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबचे कापलेले रबर. सुतळी नको, लहान बोटांना गाठ सुटत नाही आणि सगळा तास त्यातच जातो.

15 जानेवारी

पहिली चाचणी, मोठ्या शाळेत. हजर मुले 112, चाचणी घेणारे चौघे. एका मुलाला भाषेची 4 मिनिटे आणि गणिताची 4. म्हणजे प्रत्येकाकडे 28 मुले, पावणेचार तास. एका दिवसात त्याहून जास्त मुले एका माणसाकडे देऊ नयेत. शेवटच्या मुलांच्या वेळी ऐकणारा थकतो आणि "येतंय याला" म्हणून पुढे ढकलतो.

भाषेच्या पाच पातळ्या: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. सलग, वाक्यासारखे वाचले आणि चुका तीनपेक्षा जास्त नसतील तर गोष्ट द्यायची. अडखळले तर खाली शब्दांकडे. पाचपैकी चार बरोबर आले तर 'शब्द'. तेही नाही तर अक्षरे, तिथेही पाचपैकी चार. त्याखाली 'प्रारंभिक'.

16 जानेवारी

कालच्या चुका, उरलेल्या दोन शाळांत होऊ नयेत म्हणून:

रांगेतली मुले ऐकत होती. दहाव्या मुलाने परिच्छेद कागदाकडे न बघताच म्हटला. चाचणीचे चार वेगवेगळे नमुने आहेत ते आलटून-पालटून द्यायचे, आणि रांग निदान 15 पावले लांब, पाठ करून.

एका शिक्षिकेने मूल अडले की पहिला आवाज सुचवला. मायेने केले, पण त्या मुलाची पातळी एक घर वर लागली. उद्यापासून त्या मुलाला स्वतःला न येणारा शब्द वाचायला बसावे लागेल. अशा चार मुलांना पुन्हा तपासले.

पेटाउकेच्या बाजूने आलेल्या, घरी न्सेंगा बोलणाऱ्या काही मुलांनी 'माद्झी' (पाणी) हे 'मान्झी' वाचले. ती चूक धरली होती, खोडली. मुलाने शब्द ओळखला आणि घरच्या उच्चारात म्हटला. तसेच 'र' आणि 'ल'ची अदलाबदल चूक नाही. हा नियम कागदावर लिहून चौघांच्या हातात दिला, कारण तोंडी सांगितलेले प्रत्येकाने वेगळे लक्षात ठेवले होते.

20 जानेवारी

मोठ्या शाळेचे आकडे: प्रारंभिक 26, अक्षर 35, शब्द 27, परिच्छेद आणि गोष्ट मिळून 24. पाचवीतली मुलेही अक्षर गटात आहेत.

शिक्षक तीन. प्रारंभिक आणि अक्षर एकत्र बसवायची रीत आहे, पण 61 मुलांचे एक वर्तुळ चालत नाही. मुख्याध्यापिकेने गोष्टीचा गट स्वतःकडे घेतला, त्यामुळे खालच्या 61 ची दोन वर्तुळे झाली.

कोणता शिक्षक कुठे, यावर अर्धा तास गेला. सगळ्यात अनुभवी शिक्षिकेला वरचा गट द्यायचा ठरत होता, मान म्हणून. उलटे करायला हवे. गोष्ट वाचणारी मुले साध्या मदतीनेही पुढे जातात. अक्षरावर अडलेल्या मुलाचे नेमके काय अडले हे ओळखायला मुरलेली नजर लागते. त्या बाईंना हे पटले आणि त्यांनी खालचे वर्तुळ मागून घेतले.

वेळापत्रकात हे दोन तास वेगळे, ठळक लिहून घेतले. हे महत्त्वाचे का, ते आपल्याकडेच दिसले आहे. बिहार आणि उत्तराखंडात साहित्य आणि प्रशिक्षण दिले तरी शिक्षक नेहमीच्या पाठ्यक्रमाकडे परतले. हरियाणात दिवसातला ठरावीक वेळ राखून ठेवला, मुलांचे गट केले आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेतले, तेव्हा भाषेत फरक पडला. म्हणून इथल्या केंद्र समन्वयकांनाही (आपल्या केंद्रप्रमुखांसारखेच पद) पहिले 15 दिवस एक वर्तुळ चालवायला दिले आहे. ज्याने स्वतः चालवले नाही तो भेटीला येऊन फक्त हजेरीपट तपासतो.

28 जानेवारी

भाषेच्या तासाची वाटणी, आठवडाभर घड्याळ लावून ठरलेली: 10 मिनिटे गप्पा (आज येताना काय पाहिले), 10 मिनिटे शिक्षक बोट फिरवत गोष्ट वाचतो, 15 तक्ता, 15 लहान गटांत खेळ, 10 लेखन. लेखन खडूने जमिनीवर. सिमेंटची फरशी नसेल तिथे ओल्या मातीत काडीने.

बाके भिंतीला लावली. वर्तुळात शिक्षकही खाली बसतो. उभा राहिला की पाच मिनिटांत फळ्याकडे जातो आणि पाठ मुलांकडे होते. हे तिन्ही शाळांत झाले.

शब्द गटात कसलीच अडचण नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

5 फेब्रुवारी

गणित. दोन अंकी वजाबाकीत एकच चूक पुन्हा पुन्हा: 52 − 27 = 35. मुले दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढतात. नियम सांगून हे जात नाही. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या आणि "सत्तावीस दे" म्हणायचे. मूल दोन जुड्या देते, मग दोन सुट्या देते आणि थांबते. त्या थांबण्यावर शिक्षकाने बोलू नये. बहुतेक मुले थोड्या वेळाने स्वतःच रबर सोडतात. नंतरच कागदावर लिहायचे. काडी आणि कागद एकाच दिवशी, नाहीतर दोन्हींचा संबंध लागत नाही.

आकड्यांच्या नावांचा वेगळाच पेच. चिन्यांजात पाचानंतर दहापर्यंत नवा शब्द नाही. सहा म्हणजे 'पाच आणि एक', आठ म्हणजे 'झिसानु न्दी झितातु', पाच आणि तीन. सत्तेचाळीस म्हणजे चार दहा, आणि पाच आणि दोन. अर्थ अगदी उघडा, पण शब्द लांब. म्हणून मुले आणि शिक्षक दोघेही आकडे इंग्रजीत म्हणतात. मग थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी यांची गल्लत होते. मूल 13 ला थर्टी म्हणाले तर त्याला आकडा कळला नाही की शब्द चुकला, हे कानाने ठरत नाही. काड्या मांडायला सांगायच्या: एक जुडी आणि तीन सुट्या मांडल्या तर आकडा कळला आहे.

मराठी वाचकाला हे लगेच उमगेल. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले तेव्हा केवढी चर्चा झाली. 'एकोणपन्नास' म्हणताना 49 मध्ये कुठेच नसलेला पन्नास मुलाला ऐकू येतो. इथल्या भाषेत ती अडचण नाही. म्हणून आठवड्यातले दोन दिवस आकडे चिन्यांजातच म्हणायचे ठरवले, आणि दहाच्या जुडीत पाचव्या काडीला कोळशाची खूण केली. आठ मोजताना हात खुणेवर जातो: पाच, आणि तीन.

13 फेब्रुवारी

हजेरी घसरली. जुना मका संपलेला, नवा शेतात हिरवा. हे 'न्जाला'चे, उपासमारीचे आठवडे. मोठी मुले आईवडिलांबरोबर दुसऱ्याच्या शेतात 'गान्यु'ला, म्हणजे अंगावर काम घ्यायला जातात. यावर आपल्याकडे उपाय नाही. एवढेच करू शकतो: आमचे दोन तास दुपारऐवजी सकाळी सात ते नऊ केले. अनेक मुले 4-5 किलोमीटर चालत येतात आणि अकरा वाजता ती गळून बसतात, हे डोळ्यांना दिसत होते. सकाळी आलेल्यांचा निदान तास वाया जात नाही. तीन दिवसांनी परतलेल्या मुलासाठी कालची ओळ आज पुन्हा घ्यायची, त्याला खालच्या गटात ढकलायचे नाही.

दुसरे, पत्र्याचे छप्पर. मुसळधार पाऊस लागला की शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही आणि आमचा अख्खा भाषेचा तास तोंडी. अशा वेळी गणित पुढे घ्यायचे: काड्या मांडायला आवाज लागत नाही. प्रत्येक शाळेत एक 'पावसाची पिशवी' ठेवली, त्यात अक्षरखणांच्या 50 चिठ्ठ्या. मुले न बोलता शब्द जुळवतात.

21 फेब्रुवारी

मधली चाचणी. शब्द गट सरकला, प्रारंभिकमधलीही निम्म्याहून अधिक मुले अक्षरांवर आली. पण मोठ्या शाळेच्या अक्षर गटातल्या 35 पैकी 29 मुले तिथेच आहेत. हा आकडा अहवालात घालून पुढे जाण्यासारखा नाही. हजेरी हे कारण नव्हे, कारण त्यातली 20 मुले नियमित आहेत.

24 फेब्रुवारी

दिवसभर त्या वर्तुळात बसून फक्त ऐकले. नऊ वर्षांची एक मुलगी, समोर शब्द 'मायी' (आई). तिने बोट ठेवले आणि म्हटले: "एम… ए… वाय… आय." मग वर पाहिले. पुन्हा म्हटले, जोरात. चारही अक्षरे बरोबर. शब्द मात्र होत नाही, आणि होणारही नाही, कारण 'एम' आणि 'ए' जोडून 'मा' होतच नाही.

देवनागरीत 'म'चे नाव 'म'च. काना दिला की 'मा'. अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच असल्याने बाराखडी म्हणता म्हणता वाचन येते. रोमन अक्षराचे नाव वेगळे, आवाज वेगळा. या मुलांना ए-बी-सी-डीचे गाणे पक्के येते आणि तेच त्यांना अडवते. आमच्या चाचणीत अक्षराचे नाव सांगितले तरी बरोबर धरतो, त्यामुळे 'अक्षर' या एका खणात दोन वेगळी मुले बसली होती: आवाज येणारी आणि फक्त नाव येणारी.

तक्ता होता, रोज 15 मिनिटे वाचलाही जात होता. पण शिक्षक खणावर बोट ठेवून "एम-ए, मा" म्हणत होते. मुलांनी एम-ए धरले, मा सोडले.

26 फेब्रुवारीपासून

अक्षर गटात नावे बंद. गाणे मधल्या सुट्टीत खुशाल म्हणा, तक्त्यापुढे नाही.

तक्ता वाचण्याची रीत: एका दिवशी दोनच ओळी. आधी आडवी (मा मे मी मो मू), प्रत्येक खणाला एक टाळी, खणाचे तुकडे करायचे नाहीत. मग उभी (मा का ला ना ता), म्हणजे स्वर तोच राहतो आणि व्यंजन बदलते हे कानाला कळते. मग उडी मारत, कुठेही बोट. आडवी ओळ पाठ होते. वाचता येते की नाही हे उडीतच कळते. ज्या शिक्षकाने उडी वगळली त्याच्या वर्तुळात मुले तक्ता झाकूनही म्हणत होती.

मग खडे टाकायचा खेळ. पोते जमिनीवर, मूल खडा टाकते, खडा पडेल तो खण म्हणते आणि त्याने सुरू होणारा शब्द सांगते. 'गा': गालु, कुत्रा. 'का': कालुलू, ससा. एका पोत्याभोवती सहाच मुले. दहा झाली की पाळी येईपर्यंत मन उडते. शब्द सांगितला की तो जमिनीवर खणांनीच लिहायचा: का-लु-लू.

शेवटी दोन खण जोडून शब्द. चार दिवसांनी तीन. 'न्युम्बा' (घर), 'म्बुझी' (शेळी) असे जोडव्यंजनांचे शब्द दुसरे पोते उघडेपर्यंत नाहीत. एकाने उत्साहात ते तिसऱ्याच दिवशी उघडले; मुले पुन्हा 'एन-वाय' म्हणू लागली. पोते परत गुंडाळले.

11 मार्च

सोमवारी महिला दिनाची बदली सुट्टी, उद्या युवा दिन. मोडका आठवडा, म्हणून त्याचा उपयोग फेरतपासणीसाठी. प्रत्येक शाळेतून चिठ्ठ्या टाकून 5 मुले काढली आणि दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून तपासून घेतली. 15 पैकी 13 ची पातळी आमच्या नोंदीशी जुळली. न जुळलेल्या दोन्ही नोंदी एकाच तपासणाऱ्याच्या, दोन्ही एक घर वर. त्याच्याबरोबर बसून पुन्हा सराव केला.

'मायी'वर अडलेली मुलगी आज शब्द गटात हलवली. गट बदलायला शेवटच्या चाचणीची वाट पाहायची नसते. 2005 मध्ये केनियात 121 शाळांतल्या पहिलीचे दोन-दोन वर्ग झाले; त्यातल्या निम्म्या शाळांत मुले आधीच्या गुणांनुसार विभागली, आणि तिथे वरच्या-खालच्या दोन्ही वर्गांना फायदा झाला. पण ती वाटणी एकदाच झाली होती. आपले गट हलते आहेत. हलवले नाहीत तर मुलाला आणि गावाला तो शिक्का वाटू लागतो.

17 मार्च

शाळा शुक्रवारी, 20 तारखेला बंद होणार. कोरोना. शेवटची चाचणी होणार नाही. तीन दिवसांत चाचणी उरकण्याची सूचना आली होती, नको म्हटले. त्या आकड्यांनी उद्या कुणाचीही जागा बदलणार नाही. तीन दिवस दुसऱ्या कामाला लावतो.

19 मार्च

प्रत्येक घरात निघेल असा एक फोन नंबर घेतला, नसेल तर शेजाऱ्याचा, आणि तो कुणाचा हे लिहून. रोज सायंकाळी घरी असतो की चार्जिंगला बाजारात जातो, हेही. अक्षर आणि शब्द गटातल्या मुलांबरोबर एकेक छोटा तक्ता घरी दिला, पोत्याचाच, 30 सेंमीचा तुकडा. रात्री पुरतील तितके कापले. काही मुलांना 20 काड्यांची जुडीच मिळाली.

*(नंतर घातलेली भर, 2022: याच काळात बोट्स्वानात साधारण 4,500 कुटुंबांबरोबर मोजणीसह प्रयोग झाला. आठवड्याला एक गणिताचा एसएमएस, आणि काहींना त्यासोबत 15-20 मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसने ठळक फरक दिसला नाही. फोन जोडला तेव्हा मुले शिकली. आम्ही पहिले दोन महिने नुसते एसएमएस पाठवले. ते शब्द गटाच्या वरच्या मुलांनाच वाचता येत होते.)*

23 सप्टेंबर

सर्व इयत्तांसाठी शाळा सोमवारी, 21 ला उघडल्या. मार्चचे गट कपाटात ठेवले, वापरले नाहीत. सहा महिन्यांत कोण कुठे आहे हे विचारूनच कळेल. पुन्हा परिच्छेदापासून सुरुवात, चार नमुने, रांग 15 पावले लांब. अक्षराच्या खणात आता दोन खुणा: 'न' म्हणजे नाव येते, 'आ' म्हणजे आवाज येतो. 'न'वाल्यांचे वर्तुळ वेगळे.

ऊन कडक आहे, पण पाऊस नाही, छप्पर गप्प. वर्तुळे आंब्याच्या झाडांखाली घेतली. घरी दिलेल्या तक्त्यांपैकी बरेच परत आले. एकाच्या कडा जळाल्या आहेत, एकावर धाकट्या भावंडाने कोळशाने रेघोट्या ओढल्या आहेत. वाचता येण्याजोगे सगळे पुन्हा वापरात घेतले. उद्या उरलेल्या 40 मुलांची चाचणी, आणि दुपारी दोन पोत्यांच्या कडा शिवायच्या आहेत.